थुंकीच्या नळीतून आजी सापडेल का?

सुट्टीला परदेशातून येणारी मुलं हल्ली बडोद्याला येताना चॉकलेटांबरोबर डीएनए चाचणीचे डबेही घेऊन येतात. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, ती परत गेली की तिकडून पाठवून देतात. या वेळी त्याबद्दलची तीन पत्रं निवडली आहेत. मी महाविद्यालयात आनुवंशिकी शिकवत आले, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे दिली. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तसं पत्र लिहू न शकलेली घरं आपल्या शहरात आणखी असणार.

प्रश्न : आदरणीय बाई, स. न. माझं वय ५८. माहेर जांबूबेटात, सासर दांडिया बाजारात. वडील करोनात गेले. दिवस झाल्यावर आईने पत्र्याच्या पेटीतून एक पोस्टकार्ड काढून दाखवलं आणि सांगितलं, की आजी-आजोबांनी वडिलांना तान्हेपणी पंढरपूरहून आणलं होतं. आजोबा संस्थानच्या खानगी खात्यात, म्हणजे राजघराण्याचा खासगी कारभार पाहणाऱ्या खात्यात, कारकून होते, त्यांना मूलबाळ नव्हतं. वडिलांना हे ठाऊक होतं, आईलाही. आम्हा भावंडांना पन्नाशी उलटेपर्यंत कुणी बोललं नाही. दत्तकपत्र वगैरे काहीच नाही. पोस्टकार्डाची झेरॉक्स जोडली आहे. अमेरिकेतला भाचा म्हणतो, आत्या, चाचणी कर, सगळं कळेल. भावाच्या मुलीचं लग्न ठरतंय, म्हणून त्याला 'आपली खरी जात कुठली' हे त्यातून हवं आहे. मला एवढंच हवं आहे की ती बाई कोण होती. बहुतेक विधवा असणार. तिचं नाव-गाव कळेल का? आई ८१ वर्षांची आहे, तिला यात ओढावं का?

उत्तर : ताई, आधी पोस्टकार्डाचं बोलू. तुम्ही त्यातल्या तीन ओळी वाचून बाजूला ठेवलेलं दिसतंय. 'मुलगा सुखरूप पोहोचल्याचे पत्र मिळाले. प्रकृतीस जपावे. खुशाली कळवीत जावे.' खाली सही लागत नाही, पण सहीच्या खाली 'व्यवस्थापक' असं स्पष्ट वाचता येतं. आता झेरॉक्सच्या डाव्या कोपऱ्यात वर पाहा. 'जा. नं.' आणि पुढे एक आकडा, तिरकी रेघ, ४३. तो जावक क्रमांक आहे. म्हणजे हे कुणा ओळखीच्या माणसाचं खासगी पत्र नव्हे. ते एका संस्थेच्या कचेरीतून १९४३ साली गेलेलं पत्र आहे आणि त्या कचेरीत जावक-आवक वह्या होत्या. आजोबांनी लिहिलेलं पत्र आवकच्या वहीत असणार, आणि मूल ज्या दिवशी दाखल झालं तो दिवस आणखी एका वहीत. तुमच्या हातात आज जे काही आहे, त्यात या आकड्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. थुंकीची नळी त्याच्या नंतर.

पंढरपुरात प्रार्थना समाजाशी जोडलेलं बालकाश्रम १८७५ पासून आहे. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या गुजराती गृहस्थाने पुढाकार घेऊन ते उभं केलं. अडलेल्या विधवांनी पोर नदीत सोडू नये, तिथे येऊन बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं, हा हेतू. त्याच्या आधी १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात असंच घर उघडलं होतं. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी पुढे दत्तक घेतलं. तुमचे वडील याच संस्थेतून आले असं मी म्हणत नाही, कार्डावर संस्थेचं नाव नाही. पण पहिलं पत्र तिथे जायला हवं. कार्डाची स्वच्छ छापील प्रत, जावक क्रमांक, साल, आजोबांचं नाव आणि खानगी खात्यातला हुद्दा, एवढंच लिहा.

एक गोष्ट मनाशी धरून लिहा. सध्याच्या, म्हणजे २०२२ च्या दत्तक नियमावलीत आपली मुळं शोधण्याचा हक्क दत्तक गेलेल्या व्यक्तीला आहे. तिऱ्हाइताला नाही, आणि जन्मदात्यांची गुप्तता त्या हक्काच्या वर आहे. वडील हयात असते तर सही त्यांची चालली असती. तुम्ही मुलगी. त्यामुळे 'आमच्या आजीचं नाव सांगा' असा अर्ज केलात तर नकार येईल, आणि तो नियमाला धरून असेल. त्याऐवजी आजोबांनी केलेल्या अर्जाची आणि वडिलांच्या दाखल तारखेची विचारणा करा. ती कागदपत्रं तुमच्या घरच्या माणसांची आहेत.

दत्तकपत्र नाही याचं मनाला लावून घेऊ नका. जुन्या हिंदू कायद्यात मूल दत्तक द्यायचा अधिकार फक्त बापाला, बाप नसेल तर आईला. ज्याचे आईबाप माहीत नाहीत त्याचा दत्तकविधी होऊच शकत नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा आला तेव्हाही ही अडचण राहिली. १९६२ च्या दुरुस्तीनंतर पालकाला न्यायालयाच्या परवानगीने असं मूल दत्तक देता येऊ लागलं. तुमच्या आजोबांना १९४३ साली कागद करायचा असता तरी करता आला नसता. त्यांनी कागदाविना मूल आणलं, नाव दिलं, वाढवलं. सयाजीराव महाराजांना २७ मे १८७५ रोजी जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतलं, ते कवळाण्याहून आले, हे बडोद्यात शाळकरी पोरही सांगतं. पण तो गोपाळराव, म्हणजे पुढचे सयाजीराव, गायकवाडांच्याच कुळातला होता, वंशावळ तपासून निवडलेला. ज्याची वंशावळ कुणाला ठाऊक नाही असं मूल घरात आणायला तुमच्या आजोबांच्या हुद्द्याच्या माणसाला त्या काळात किती धीर लागला असेल! मला त्या जोडप्याबद्दल मनापासून आदर वाटतो, आणि तुमच्या शोधात ते मागे पडू नयेत.

दुसरा कागद शाळेचा. बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण १९०६ पासून सक्तीचं होतं, तेव्हा वडील शाळेत गेलेच असणार, अंदाजे १९४७-४८ ला. त्या शाळेच्या वयपत्रकात जन्मतारीख, जात, आणि कधी कधी जन्मगाव असतं. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, पण वयपत्रकं शाळेतच राहिली. शाळा बंद झाली असेल तर नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे विचारा. लिखाण मराठी, गुजराती किंवा मोडी असू शकेल. मोडी वाचणारी माणसं बडोद्यात अजून आहेत.

आता चाचणी. भाचा म्हणतो तसं 'सगळं' कळत नाही. त्यातून तुमच्या रक्ताची आज जिवंत असलेली माणसं सापडू शकतात, तीही त्यांनी त्याच कंपनीत चाचणी केली असेल तरच. आजीचं नाव किंवा गाव डीएनएत लिहिलेलं नसतं. निकालात 'पश्चिम भारत इतके टक्के' असे रंगीत नकाशे येतात. त्या कंपनीने कोणत्या लोकांचे नमुने तुलनेला ठेवले आहेत त्यावर ते आकडे ठरतात. नमुने वाढवले की टक्के बदलतात, दुसऱ्या कंपनीत तीच थुंकी वेगळे टक्के दाखवते. तो नकाशा पाहून पान उलटा.

ज्या आजीला तुम्ही शोधताय, तिच्या बाबतीत एक कठीण गोष्ट आहे. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलींमार्फत जातो. आजीचा तो धागा तुमच्या वडिलांपर्यंत आला आणि तिथे थांबला. तुमच्यात आहे तो तुमच्या आईचा. उलट वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं, म्हणून ज्या पुरुषाबद्दल तुम्ही पत्रात अवाक्षर काढलं नाहीत त्याचा धागा तुमच्या भावात अखंड आहे. वडिलांचं कधी ऑपरेशन होऊन गाठ तपासायला गेली असेल, तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये मेणात बसवलेला तुकडा अजून असू शकेल. तसले तुकडे बरीच वर्षं ठेवतात. त्यातला डीएनए तुटलेला असतो आणि तो काढायला खास प्रयोगशाळा लागते, थुंकीवाल्या कंपन्यांचं ते काम नाही. सध्या लॅबला एवढंच लिहून द्या की तो टाकू नका.

तुम्हाला वडिलांकडून आलेलं एक्स गुणसूत्र मात्र अख्खं या आजीचंच आहे. त्याशिवाय उरतो तो बाकीच्या बावीस जोड्यांतला डीएनए. त्यातला सरासरी चौथा हिस्सा तुम्हाला या आजीकडून आला आहे. म्हणजे ती तुमच्यात आहे, भरपूर आहे. फक्त त्यातला कोणता तुकडा तिचा आणि कोणता वडिलांच्या जन्मदात्या बापाचा, हे एकट्या तुमच्या निकालावरून सांगता येत नाही. म्हणून भावाचीही चाचणी करा. वडिलांचा निम्मा डीएनए तुमच्यात, निम्मा त्याच्यात, पण तोच तो नव्हे. दोघांचा मिळून वडिलांचा साधारण पाऊण डीएनए हाती येतो. आणि आईची केलीत तर सोन्याहून पिवळं, कारण जे जे नातेवाईक आईशी जुळतात ते बाजूला सारता येतात, उरतील ते वडिलांकडचे. आईला 'ओढू' नका. तिच्यासमोर बसून, निकालातून काय काय बाहेर येऊ शकतं ते सांगून विचारा. इतकी वर्षं तिने हे पोटात ठेवलं आणि शेवटी पेटी उघडली तीही तिनेच, तेव्हा तिचा शब्द शेवटचा. ती नको म्हणाली तर तुम्हा दोघांवर भागवा.

कोण सापडेल? समजा आजीला आणखी मुलं होती, आधीची किंवा नंतरची. त्यांची मुलं म्हणजे तुमची अर्धी चुलत भावंडं. त्यांच्याशी तुमचा सरासरी सहा टक्के डीएनए जुळेल, सेंटिमॉर्गन या मापात साडेचारशेच्या आसपास. सख्खी चुलत-मावस भावंडं सरासरी साडेआठशेवर असतात. खापरपणजोबा एक असलेल्या दूरच्या चुलत भावंडांत दर दहांतल्या एका जोडीत जुळणारं काहीच सापडत नाही, नातं खरं असूनही. आपल्याकडे आणखी गुंतागुंत आहे. शतकानुशतकं ठरावीक घरांतच सोयरीक, काही घरांत मामेबहिणीशी लग्न. त्यामुळे दूरचे लोक जवळचे वाटतात. बेरीज पाहून हुरळू नका, सगळ्यांत लांब सलग तुकडा किती मोठा आहे ते पाहा. पाच-सात सेंटिमॉर्गनचे बारके तुकडे पुष्कळ आणि मोठा एकही नाही, तर नातं फार जुनं.

आणि जुळणारा माणूस बहुधा पंढरपुरात नसेल. या साठ्यांमध्ये भारतातली माणसं कमी, तिकडे गेलेली जास्त. एखादा तिशीतला मुलगा न्यू जर्सीत बसून चाचणी करतो आणि त्याच्या आजोळच्या घराचं दार उघडतं. त्याला कदाचित यातलं काही माहीत नसेल. तुमच्या आजीने त्या घरी कुणालाच सांगितलं नसेल. म्हणून पहिला निरोप असा लिहा: 'नमस्कार. आपला डीएनए काही प्रमाणात जुळतो असं दिसलं. माझे वडील १९४३ च्या सुमारास बहुधा पंढरपूर भागात जन्मले आणि बडोद्यात वाढले. आपल्या घरचं कोणी त्या भागातलं आहे का? उत्तर द्यावंसं वाटलं नाही तरी माझी काही तक्रार नाही.' विधवा, आश्रम, टाकलेलं मूल, यातला एकही शब्द पहिल्या निरोपात नको. आणि 'बहुतेक विधवा' हे तुम्हीही आत्ताच ठरवून टाकू नका. आई बाळंतपणात गेली म्हणून, खायला नाही म्हणूनही मुलं आश्रमात यायची.

भावाला माझा निरोप द्या. जात कोणत्याही डीएनए चाचणीत दिसत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवलं की भारतातले बहुतेक समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले आहेत, कमी-अधिक प्रमाणात. २०१३ च्या अभ्यासात दिसलं की हे मिसळणं साधारण १९०० वर्षांपूर्वीपर्यंत जोरात चालू होतं. त्यातून एखाद्या माणसाची जात काढणारी कंपनी असेल तर ती फसवते आहे. ज्या घरात तुमचे वडील वाढले, ज्या घरातून ते गेले, ते त्यांचं घर. मुलीच्या लग्नात सांगायचं ते तेच, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. सासरचे याहून जास्त मागत असतील तर त्या स्थळाचा त्याने पुन्हा विचार करावा, असं मला स्पष्ट वाटतं.

शेवटी नळी पाठवण्याआधी: २०२३ मध्ये २३अँडमी या कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमच्या थुंकीत तुमच्या भाच्यांचाही हिस्सा आहे. खात्यावर पूर्ण नाव न घालता आद्याक्षरं घाला, आरोग्याचा अहवाल घेऊ नका, काम झालं की नमुना नष्ट करायला सांगा. आणि शाळेचा व पंढरपूरचा कागद आल्याशिवाय हे काहीच करू नका. कागदावर गाव आलं, तर जुळणाऱ्या शंभर नावांतून कुणाला लिहायचं ते कळेल.

प्रश्न : आमचे पूर्वज पिलाजीराव गायकवाडांच्या फौजेबरोबर इकडे आले म्हणतात. मूळ गाव, कुलदैवत कुणाला आठवत नाही, आडनावही बदललेलं आहे. डीएनएवरून गाव कळेल का? (वय २६, मकरपुरा)

उत्तर : नाही. तीनशे वर्षं म्हणजे दहा-बारा पिढ्या. तेवढ्या मागच्या एखाद्या पूर्वजाचा तुमच्यात एकही तुकडा उरलेला नसणं सहज शक्य आहे. वाय गुणसूत्राची चाचणी एकाच कामाची: अमुक गावचे लोक आपली भाऊबंदकी, असा संशय आधीच असेल, तर तुमच्या घरचा एक पुरुष आणि त्यांचा एक पुरुष यांची तुलना करून धागा एक आहे का ते पाहता येतं. संशय मात्र तुम्हाला दुसरीकडून आणावा लागेल. नाशिकच्या, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. पणजोबांच्या अस्थी किंवा श्राद्धासाठी कुणी गेलं असेल तर त्यांच्या वहीत नावं, गाव, सही सापडेल. त्यासाठी जुनं आडनाव लागेल. ते घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा, पुरुषांना नको. लग्नात कोणत्या घरात मुलगी देत नाहीत हे बायकांना पाठ असतं, आणि त्यातूनच जुनं आडनाव बाहेर येतं.

प्रश्न : मी आणि धाकटा भाऊ दोघांनी गंमत म्हणून चाचणी केली. दोन्ही खाती मीच सांभाळते. आमच्यात १७९० सेंटिमॉर्गन जुळतात आणि साइट 'सावत्र भाऊ' म्हणते. त्याने निकाल अजून पाहिलेला नाही. तो आईबाबांच्या लग्नानंतर चौदा वर्षांनी झाला, १९८८ साली. बाबा नाहीत. मी काय करू? (नाव-गाव देऊ नये)

उत्तर : बेटा, सख्खी भावंडं सरासरी २६०० च्या आसपास जुळतात, सावत्र १७५० च्या. पण दोन्हींची व्याप्ती मोठी आहे आणि एकमेकांत शिरते, म्हणून एका आकड्यावर थांबू नकोस. साइटवर दोन्ही बाजूंनी जुळणारे पट्टे दाखवण्याची सोय असते का पाहा. सख्ख्या भावंडांत साधारण पाव भाग असा, आईकडूनही आणि बापाकडूनही जुळलेला असतो. सावत्र भावंडांत तो जवळजवळ नसतो. नमुने अदलाबदल झाले असतील हीही शक्यता आहे, तेव्हा गरज वाटली तर पुन्हा चाचणी.

आणि तसंच निघालं, तर लगेच आईबद्दल भलतं मनात आणू नकोस. तू मोठी झाल्यावर एवढ्या वर्षांनी दुसरं मूल, म्हणजे उपचार झाले असण्याची शक्यता आहे. त्या काळात दात्याचं बीज वापरून उपचार होत असत आणि जोडप्याला 'कुणाला सांगू नका' एवढंच सांगितलं जाई. कायद्याने तो तुझ्या बाबांचाच मुलगा: पूर्वी पुरावा कायद्याचं ११२ वं कलम आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं ११६ वं कलम लग्नात झालेल्या मुलाला नवऱ्याचंच मानतं. मिळकतीची काळजी कुणी तुझ्या डोक्यात घालेल, ती काढून टाक.

आधी आईकडे एकटी जा, फोनवर बोलू नकोस. तिला निकाल दाखवू नकोस, फक्त सांग की अशी चाचणी केली आहे आणि ती बोलेल तेवढं ऐक. तिला भावाला स्वतः सांगायचं असेल तर वेळ दे, पण महिने जाऊ देऊ नकोस. त्याचा निकाल त्याचा आहे, तू फक्त पासवर्ड ठेवला आहेस. त्याने मागितला की द्यायचा, आणि त्या दिवशी त्याच्या शेजारी बसायचं.